न काढण्याची किंमत

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या वंजारवाडीचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. गावातल्या जवळपास निम्म्या बायकांचं गर्भाशय काढलेलं आहे आणि त्या ऊसतोडीला जाणाऱ्या आहेत, अशी ती बातमी होती. मग आकडे येत गेले. जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की मागच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. डिसेंबरात मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात आकडा ३० हजारांवर गेला. हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी मोजतात: पहिला तीन वर्षांतली खासगी ऑपरेशनं, दुसरा पाहणीत आढळलेल्या बायका, तिसरा नुसता अंदाज. चर्चेत मात्र तिघांची सरमिसळ झाली आणि त्यातून एक वाक्य पक्कं होऊन बसलं, ते म्हणजे पाळीच्या चार दिवसांची मजुरी बुडू नये म्हणून या बायकांनी पिशवीच काढून टाकली. कुणी याला अडाणीपणा म्हटलं, कुणी पैशाची हाव, कुणी नुसतंच 'बिचाऱ्या' म्हणून सोडून दिलं. तिन्ही निवाडे दिसायला वेगळे असले तरी तिन्हींचं बोट बाईकडेच होतं.

दुसऱ्यानं स्वतःच्या शरीरावर करून घेतलेल्या शस्त्रक्रियेचा न्याय आपण किती बेफिकीरपणे करतो, हे एरवी कॉस्मेटिक सर्जरीच्या गप्पांत दिसतं. नाक सरळ करून घेणारी, पोटाची चरबी काढून घेणारी बाई नटवी ठरते. टकलावर केस रोवून घेणाऱ्या पुरुषाला हसून सोडून दिलं जातं. इथे सगळं लक्ष 'का केलं' याच्यावर असतं आणि उत्तर आपणच देऊन टाकतो: हौस. बीडच्या बाबतीतही उत्तर आपणच दिलं, फक्त हौसेच्या जागी अज्ञान आलं. माझं म्हणणं असं, की प्रश्नच चुकतो आहे. 'का केलं' याच्या आधी 'न करणं तिला कितीला पडत होतं' हे विचारायला हवं आणि ती किंमत कुणी ठरवली हेही. हे दोन प्रश्न विचारले की निवाडा टळत नाही, पण आरोपी बदलतो. बीड जिल्ह्यात ती किंमत कशी ठरत गेली याचा इतिहास आहे आणि तो ऊसतोडीचा इतिहास आहे.

त्याआधी एक जुनं उदाहरण. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याला मानाचं पान आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानं पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा वृत्तांत चित्रासह छापून आला, आणि पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूनं लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. नाकाशिवाय माणूस जगतो. श्वास घ्यायला नवं नाक काही अत्यावश्यक नव्हतं. म्हणजे काटेकोर व्याख्येनं ही शस्त्रक्रिया दिसण्यासाठीच होती. तरी कावसजीला नटवा कुणी म्हटलं नाही. कापलेल्या नाकानं गावात वावरणं काय असतं हे त्या काळच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, न करण्याची किंमत सगळ्यांना दिसत होती. गरज आणि हौस यांच्यातली रेघ शस्त्रक्रियेच्या जातीवरून पडत नाही. ती किंमत बघणाऱ्याला किती दिसते यावरून पडते. बीडच्या बायकांच्या बाबतीत ती मुंबईत बसून दिसत नव्हती, एवढाच फरक.

आता ती किंमत. बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पलीकडे नगर जिल्ह्यात भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं होतं, कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला होता आणि त्याच ऊसपट्ट्यात १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. एका बाजूला पाणी आणि ऊस, दुसऱ्या बाजूला माळरान आणि मोकळे हात. कारखाने वाढत गेले तसा धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, परळीतून दिवाळीच्या सुमारास माणसांचा लोंढा पश्चिमेकडे आणि कर्नाटकात जाऊ लागला. १९७२ च्या दुष्काळानं त्याला जोर आला आणि पुढे पाऊस झाला तरी तो थांबला नाही, कारण तोवर सगळा व्यवहार उचलीवर बसला होता. मजूर पुरवणारा मुकादम पावसाळ्यात घरी येऊन आगाऊ पैसे देतो. ते लग्नाला, दवाखान्याला, बी-बियाण्याला खर्च होतात. मग ते फेडायला फडात जायचं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी हिशेबात काहीतरी बाकी राहतंच, ती पुढच्या हंगामाला लागते. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. बारडोलीच्या साखर कारखान्यासाठी खानदेशातून नेल्या जाणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात केला, तिथेही हीच रचना होती: मालक आणि मजूर यांच्या मध्ये मुकादम उभा, म्हणून मालकाला मालकपण नाही.

या रचनेत मजुरी माणसावर मोजली जात नाही, कोयत्यावर मोजली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल जोडप्याला मिळते, त्यामुळे मुलाचं लग्न लवकर उरकण्याकडे कल राहतो, मुलीचं त्याहून लवकर. बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीत चूल पेटवून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात पोचायचं. नवरा ऊस तोडत जातो, ती पाचट सोलते, वाढे कापते, मोळ्या बांधते; मग त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. परतल्यावर पाणी कुठून आणायचं हा प्रश्न, अंघोळ अंधारात, संडास उघड्यावर. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे अशा कामात आश्चर्याचं नाहीच. आणि एक दिवस पडून राहावं म्हटलं तर खाडा. २०१९ मध्ये खाड्याचा दंड जोडप्यामागे दिवसाला ५०० रुपये होता असं बातम्यांत आलं. तोडणीचा दर तेव्हा टनाला २५० च्या आसपास. म्हणजे न तोडलेला एक दिवस दोन टन ऊस फुकट तोडण्याइतका महाग. महिन्याला तीन दिवस धरले तरी पाच महिन्यांच्या हंगामात साडेसात हजार रुपये दंडात जातात. शिवाय त्या दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच. हा हिशेब बाईला पाठ असतो, आपल्याला नसतो.

पण हिशेब एवढाच असता, तर पिशवी काढण्याचा विचार इतक्या सहज सुचला नसता. तो सुचावा अशी जमीन आधीपासून तयार होती आणि ती तयार करण्यात सरकारचाही हात आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. सक्ती गेली, पण कुटुंबनियोजनाचं ओझं पुढची चाळीस वर्षं बायकांच्याच पोटावर राहिलं. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विशी-बाविशीत दोन-तीन मुलं, मग 'ऑपरेशन'. शरीराचा एक भाग ठरावीक काम करतो, ते संपलं की तो बंद करायचा, हे शिक्षण आरोग्य खात्यानंच दारोदार दिलं. त्यानंतर पंचविशीतली बाई अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात आली आणि डॉक्टर म्हणाला, 'मुलं झाली, ऑपरेशन झालंय, आता पिशवीचं काय काम? ठेवली तर कॅन्सर होईल', तर तिला ते ओळखीचंच वाटणार. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यातलं सर्वांत वाईट प्रमाण. पुढच्याच वर्षी परळीतल्या एका रुग्णालयाचं गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आलं. मुलं थांबवायला, मुली वाचवायला, आणि २०१९ पासून गर्भाशयं वाचवायला, अशी सरकारी मोजदाद या बायकांच्या पोटाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबली. कोयत्याचा हिशेब तपासायला ती इतक्या तत्परतेनं कधी आली नाही.

पहिला आक्षेप इथे येतो आणि तो वजनदार आहे. कुणी हात धरून नेलं नाही, बाईनं स्वतः अंगठा दिला. तिची परिस्थिती कितीही वाईट असो, तिला नुसती परिस्थितीची बाहुली म्हणणं हाच तिचा अपमान नाही का? आहे. म्हणूनच मी तिचा निर्णय खोटा होता असं म्हणत नाही. दुखणं खरं होतं, दंड खरा होता, सरकारी दवाखाना लांब होता आणि हंगामात तर गावच लांब होतं. हाती आलेल्या माहितीवर तिनं जो निर्णय घेतला, त्यात विचार होता. ऑपरेशननंतर सुटल्यासारखं वाटलं असं सांगणाऱ्या बायकाही आहेत आणि त्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा दयेचा उद्धटपणा आहे. बिघाड तिच्या विचारात नव्हता, तो तिला दिलेल्या माहितीत होता. अंडाशयंही काढली गेली तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं झिजतात, कंबर धरते, घाम फुटतो. हे तिला कुणी सांगितलं नाही. कॅन्सरची भीती घातली गेली ती बहुतेकदा तपासणीशिवाय. आणि ऑपरेशनचा खर्च अनेक घरांत मुकादमाच्याच उचलीतून आला, म्हणजे खाड्यातून सुटण्यासाठी केलेलं ऑपरेशन पुढचे हंगाम त्याच फडात बांधून गेलं. तिचा हिशेब चुकला असेल तर तो खोटे आकडे पुरवल्यामुळे चुकला.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेनं येतो. किंमत बघून माफ करायचं ठरवलं तर सगळेच सुटतील. मुकादम म्हणेल कारखान्याचा दट्ट्या आहे, कारखाना म्हणेल भावाचा, डॉक्टर म्हणेल दवाखान्याच्या कर्जाचे हप्ते आहेत. मला वाटतं इथेच ही कसोटी कामाला येते, कारण ती सगळ्यांना सारखीच लावायची आहे. डॉक्टरला 'नाही' म्हणणं कितीला पडत होतं? एका ऑपरेशनच्या फीला. मुकादमाला खाडा न लावणं कितीला पडलं असतं? एका दिवसाच्या तोडणीला. बाईला 'नाही' म्हणणं किती हंगामांना पडत होतं, ते वर आलंच आहे. ज्याचं नकार देणं स्वस्त, त्याचा होकार जास्त दोषी. याच मापानं शहरातल्या कॉस्मेटिक सर्जरीचाही न्याय करता येईल. काही ठिकाणी न करण्याची किंमत खरोखर मोठी निघेल, जशी कावसजीची होती. काही ठिकाणी ती किरकोळ निघेल आणि मग म्हणता येईल की ही हौस आहे. पण स्वतःच्या पैशानं, समजून-उमजून केलेली हौस हा काही गुन्हा नव्हे. तिच्यावर न्यायासनावरून बोलायचं कारण काय? सुंदर दिसण्याच्या ऑपरेशनाशी या बायकांच्या ऑपरेशनाची तुलनाच करू नये, असंही कुणी म्हणेल. दोन्हींचं वजन सारखं नाही हे उघड आहे. सारखी आहे ती न्याय करणाऱ्याची सवय: चाकू दिसतो, चाकूपर्यंत नेणारा रस्ता दिसत नाही.

तिसऱ्या आक्षेपाला बीड जिल्ह्यानंच त्याच सुमारास दुसरं प्रकरण पुरवलं. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावच्या एका पोलीस शिपायानं २०१७ च्या सप्टेंबरात लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा मागितली. तो महिला म्हणून भरती झालेला होता आणि स्वतःला पुरुष म्हणून ओळखत होता. पोलीस खात्यानं नकार दिला. पुरुष आणि महिला शिपायांचे निकष वेगळे, हा त्यामागचा मुद्दा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट दाखवली गेली. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातलं आणि अखेर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, ज्याला शस्त्रक्रिया हवी होती, ज्यानं ती पुरती समजून घेतली होती, त्याला आठ महिने परवानगीसाठी झगडावं लागलं. आणि ज्यांना आधी फक्त औषध, पाणी आणि चार दिवसांची रजा हवी होती, त्यांना ऑपरेशन त्याच आठवड्यात मिळू शकत होतं. आक्षेप असा, की मग सरळ कडक परवानगी लावावी, दोन्ही टोकं सुरक्षित होतील. बीडमध्ये २०१९ नंतर तसंच झालं: गर्भाशय काढायचं तर खासगी रुग्णालयानं आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. बेफाम दवाखान्यांना लगाम म्हणून ते आवश्यक होतं, हे मान्यच आहे. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच ऑपरेशनांवरून सर्वोच्च न्यायालयानंही ५ एप्रिल २०२३ रोजी राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. पण परवानगीची खिडकी शिपायाच्या बाबतीत कशी चालली ते आपण पाहिलं. अशी खिडकी डॉक्टरची फी थांबवते, बाईचं दुखणं थांबवत नाही. खरोखर ऑपरेशनची गरज असलेल्या बाईला ती आणखी एक खेप, आणखी एक खाडा देते.

हा प्रश्न एकट्या बीडचा नाही, हेही नोंदवायला हवं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ३.२ टक्के स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं होतं. आंध्र प्रदेशात हे प्रमाण ९ टक्क्यांच्या जवळ होतं. तिथे ऊसतोडीचे कोयते या प्रमाणात नाहीत. म्हणून कोयता हेच एकमेव कारण असं म्हणणं खोटं ठरेल. खासगी दवाखान्यांचा धंदा आणि सरकारी स्त्रीरोग सेवेची वानवा सगळीकडे आहे. पण बीडच्या पाहणीतला आकडा टक्केवारीत मांडला तर सुमारे १७ येतो. वयोगट नेमका तोच नसेल, तरी पाचपट फरक वयोगटानं भरून निघत नाही. उरलेला फरक फडात शोधावा लागतो.

तिथे गेल्या काही वर्षांत थोडं हललं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. पण दर टनाचा वाढला, कोयता तसाच राहिला: बाईची मजुरी अजून तिच्या हातात वेगळी पडत नाही, आणि खाडा कायद्यानं बंद झालेला नाही. याच राज्यानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. डोक्यावर पोती वाहणाऱ्या हमालांची नोंदणी झाली, मंडळं आली, भविष्यनिर्वाह निधी आला. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईसाठी तसा कायदा पंचावन्न वर्षांनंतरही नाही. आज बीडमध्ये पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, खाडा लावायला कुणाचीच लागत नाही. ऊसतोड कामगारांसाठी कायदा करायचाच असेल तर त्याचं पहिलं कलम खाडा बेकायदा ठरवणारं हवं, दुसरं फडाजवळ पाणी आणि संडास कारखान्याच्या जबाबदारीवर टाकणारं. त्या बायकांच्या निर्णयाबद्दल ज्यांना काही बोलायचं आहे, त्यांनी या दोन कलमांची मागणी आधी करावी.